दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक

दुकान, ६ सप्टेंबर

चि. इंजिनिअर यास बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर तुझी आई होती. मुलगी झाली एवढंच ऐकून तिने फोन ठेवून दिला. समोरच्या गिऱ्हाइकाने सात पानांची झेरॉक्स मागितली होती, त्याला सत्तर काढून दिली. वजन किती, नाक कुणाचं, हे विचारायचं राहिलं म्हणून आता ती माझ्यावर रागावली आहे. फोन जणू मीच ठेवला.

पत्र का लिहितोय, हे विचारू नकोस. फोनवर तू हो बाबा, हो बाबा म्हणतोस आणि पुढच्या मिनिटाला विसरतोस. लिहिलेलं नाकारता येत नाही. शिवाय कुरिअरची पेटी आपल्याच दुकानात आहे, चार-पाच दिवसांत पोचतं.

आता मुद्द्याचं. तुझं तिथलं लिफ्ट बसवायचं काम १५ नोव्हेंबरला संपणार, राहायचा परवाना त्याच दिवशी संपणार, कंपनीचं घरही त्याच दिवशी खाली करायचं, आणि त्याच्या आत बाळाचा पासपोर्ट निघाला नाही तर तुम्ही दोघं यायला मोकळे आणि ती तिथेच, असं तू म्हणालास. तीन दिवसांच्या मुलीला पासपोर्ट. मी पासष्ट वर्षांचा झालो, मला अजून कुणी मागितला नाही. पण असेल नियम. परदेशात माणसं जन्मत नाहीत, दाखल होतात बहुतेक.

तू घाबरू नकोस. तुझा बाप सातवी शिकलेला असला तरी कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन अकरा वर्षं बसलाय. सरकारला काय लागतं ते मला विचार. सरकारला लागतो कागद, आणि कागद नीट लागतो. तुमच्या लग्नाची नोंदणी झाली त्या दिवशी तुम्ही कचेरीच्या पायरीवर फोटो काढत बसला होता. तेवढ्यात मी दाखला घेऊन सायकलवरून दुकान गाठलं आणि तुम्ही घरी पोचायच्या आत लॅमिनेट करून ठेवला. शाई धड वाळली नव्हती. दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिक, एक बुडबुडा नाही, मागे आपला स्टिकर, येथे कागद कायमचा टिकवून मिळेल. सूनबाईंना आमचा आहेर तोच होता. तो दाखला साहेबासमोर टेबलावर ठेव. नुसता ठेवू नकोस, जरा आपट. आवाजच वेगळा येतो.

नाव ठरलंय तेच ठेवा. तुझ्या आईला ते दातांशिवायही म्हणता येतं, म्हणजे चांगलंच आहे.

लोभ टिकाऊ आहे, तरी जपून वापरावा.

तुझा,
बाबा

*

कंपनीचं घर, २४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला सांगा, नाक तिचंच आहे. रंगाबद्दल अजून निर्णय नाही, रोज वेगळा दिसतो. मुलगी ठणठणीत आहे. घरात आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो, कारण ती दिवसभर झोपते, मध्येच उठून तक्रार करते, आणि तिची मर्जी झाल्याशिवाय कुठलंच काम पुढे सरकत नाही.

इथे जन्मली म्हणजे इथली झाली, असं आई शेजारणींना सांगत असेल तर थांबवा. इथल्या सरकारने जन्माचा दाखला दिला, पण त्यात बाळ झालं एवढंच मान्य केलं. कोणत्या देशाचं ते तुमचं तुम्ही बघा. आईबाप परके, तर मूलही परकं. आणि आपल्या देशाच्या मते ती अजून झालेलीच नाही, कारण तिकडे माणूस फॉर्म भरल्यावर होतो. तेव्हा साडेतीन किलोची ही बाई सध्या कुठल्याच देशाची नाही. तिला त्याचं काडीचंही दुःख नाही, काल तर झोपेत हसली.

फोटोचे नियम ऐका. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, चेहरा सरळ, दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. हे नियम ज्याने केले त्याला मूल नसावं, किंवा असल्यास त्याच्या बायकोने सांभाळलं असावं. फोटोवाल्या बाईंनी पांढऱ्या चादरीवर ठेवून चौदा फोटो काढले. पहिल्या सहांत डोळे मिटलेले, पुढच्या चारांत एक डोळा उघडा, तोही तुम्ही दुकानात फाटकी नोट तपासता तशा नजरेने. एक फार सुंदर आला, पण त्यात तुमच्या सुनेची दोन बोटं कानामागे दिसतात, म्हणून बाद. शेवटी जो पास झाला त्यात बाईसाहेब रजा नामंजूर करणाऱ्या हेडक्लार्कसारख्या दिसतात.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, अर्जदाराचा व्यवसाय काय. अर्जदाराला पूर्वी कधी पासपोर्ट नाकारला आहे का. अर्जदारावर गुन्हा दाखल आहे का. मी नाही लिहिलं, पण परवा तिने नर्सबाईंच्या अंगावर जे केलं त्यावरून पुढेमागे होऊ शकतो.

काल आपल्या एम्बसीत जाऊन आलो. ती तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. दाराजवळ उभं राहिल्यावर मला आवाजावरून कळलं की दाराच्या सेन्सरवर धूळ बसली आहे, रुमालाने पुसली तर चालू होईल. मी तसं शिपायाला म्हटलं. तो म्हणाला की लिफ्ट दुरुस्त होण्यासारखी नाही असा शेरा फाइलवर आहे, तेव्हा हात लावू नका. मग बाविसाव्या मजल्यापर्यंत लिफ्ट बसवणारा तुमचा इंजिनिअर बाबागाडी खांद्यावर घेऊन जिना चढला.

बाकी कागद घेतले. एक किरकोळ कागद राहिला आहे, तो बघू. सहज आठवलं म्हणून विचारतो, आपल्या गावच्या नोंदणी कचेरीत लग्नाच्या दाखल्याची दुसरी प्रत देतात का? आणि किती दिवसांत? नुसती माहिती म्हणून.

आईला नमस्कार. लोभाची मुदत आपल्या परवान्यासारखी नसावी, ही विनंती.

आपला,
इंजिनिअर

*

दुकान, २९ सप्टेंबर

चि. इंजिनिअर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या आईने चार वेळा वाचून घेतलं. नाकाचं वाक्य सहा वेळा. आता ती आरशासमोर जरा जास्त थांबते.

किरकोळ कागद म्हणजे कुठला? मला तुझी ही भाषा शाळेपासून ठाऊक आहे. गणितात नापास झालास तेव्हाही एक किरकोळ विषय राहिला असं म्हणाला होतास. कागद किरकोळ नसतो, माणूस असतो. तू त्यांच्यासमोर कागद पिशवीतून काढलेस का? वेड्यावाकड्या घडीचे असणार. बाबागाडीच्या खालच्या जाळीत, बाटलीच्या शेजारी ठेवले असणार. माणूस कागद कसा धरतो यावरून साहेब ठरवतो की याला आज परत पाठवायचा की उद्या.

आणि दाखल्याची दुसरी प्रत कशाला हवी तुला? पहिली अमर आहे. इथे लोकांचे दाखले उंदीर खातात, पुरात जातात, धुवायच्या कपड्यांत जातात, त्यांनी दुसरी प्रत मागावी. तुझ्या दाखल्याला कुत्र्याने चावलं तरी कुत्र्याचे दात जातील. साहेबाला शंका असेल तर त्याच्यासमोर पेलाभर पाणी ओत त्यावर आणि रुमालाने पूस. मी दुकानात नव्या गिऱ्हाइकाला तसंच दाखवतो. बारा वर्षांत एकही माणूस तक्रार घेऊन आला नाही. परवा तर एकाने रेशनकार्डापासून मुलाच्या दहावीपर्यंत सगळं घराणंच लॅमिनेट करून नेलं आणि वर मला चहा पाजला.

माहिती म्हणून विचारलंस तर माहिती अशी की आपल्या नोंदणी कचेरीत दोनेक वर्षांपासून एक बाई आहेत. कडक आहेत म्हणतात. माझा संबंध आला नाही, यायचं कारणही नाही.

तेव्हा खरं काय ते लिही. सरळ उभा राहा, दाखला आपट, आणि पोरीला घेऊन ये. तुझ्या आईने दुपट्यांसाठी माझी धोतरं फाडायला घेतली आहेत. नवीन होती.

लोभ आहेच, राग वेगळा मोजावा.

तुझा,
बाबा

*

कंपनीचं घर, ४ ऑक्टोबर

ती. बाबांना सुनेचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. फोन केला असता, पण आमचं घर एका खोलीचं, आणि हे त्याच खोलीत बाळाला खांद्यावर टाकून फिरत असतात. शिवाय सोबत जो कागद पाठवते आहे तो अस्सलच लागतो.

मी लग्नाआधी सहा वर्षं औषधाच्या दुकानात काढली आहेत. कडू औषध हळूहळू दिलं की माणूस जास्त तोंड वाकडं करतो. म्हणून एकदम देते. राहिलेला किरकोळ कागद म्हणजे आपला आहेर.

आमचे दोघांचे पासपोर्ट लग्नाआधीचे. एकमेकांचं नाव त्यांत नाही. म्हणून एम्बसीला लग्नाचा अस्सल दाखला हवा, आणि तपासला असा शिक्का त्यांनी त्याच्या मागे मारायचा असतो. यांनी दाखला तुम्ही लिहिल्याप्रमाणे टेबलावर ठेवला. आवाज खरोखरच वेगळा आला. खिडकीतल्या साहेबांनी तो उलटा केला, आपला स्टिकर वाचला आणि शिक्का मारला. शाई धरेना. त्यांनी पुसून पुन्हा मारला. पुन्हा पुसला. त्यांचा रुमाल जांभळा झाला, दाखला जसा होता तसाच. मग ते अगदी शांतपणे म्हणाले की या दाखल्यावर आता परमेश्वरालाही शिक्का मारता येणार नाही. आणि प्लॅस्टिकच्या आतला उठावाचा शिक्का बोटाला लागत नाही, तेव्हा तो खरा की छापलेला हे कसं ओळखायचं? लॅमिनेट केलेला कागद ते अस्सल धरतच नाहीत. भिंतीवर तशी पाटी होती. बाळ रडत होतं, आम्ही वाचली नव्हती.

घरी आल्यावर यांनी मोबाइलवर कुणीतरी दाखवलं म्हणून इस्त्री गरम केली आणि प्लॅस्टिक सोडवायला बसले. मी ओरडेपर्यंत एक कोपरा निघाला. नेमका शिक्क्याचा. अर्धा शिक्का प्लॅस्टिकला गेला, अर्धा कागदावर राहिला. लिफ्टच्या मोटारी उघडणारे हात आहेत, पण आपलं काम त्यांनाही उघडता आलं नाही. हे कौतुक म्हणून घ्या.

तुमचं पत्र आलं ते यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. पेलाभर पाण्याच्या ठिकाणी हसले आणि पुढे वाचेनात. म्हणाले की बाबांना कळू द्यायचं नाही. अकरा वर्षं उन्हात बसून माणसाने ते मशीन घेतलं, दुसरी प्रत मी कुणाकडून तरी मागवीन. ते कुणीतरी कोण, हे मी रोज विचारते. ते रोज बाळाचा लंगोट बदलायला उठतात. कामाची एवढी आवड यांना आधी नव्हती.

कंपनीच्या साहेबांना परवाना वाढवायचं विचारलं. ते म्हणाले की कंपनीने दोन माणसं आणली, दोन परतीची तिकिटं दिली, तिसऱ्याबद्दल करारात काही नाही. पासपोर्टला दोन आठवडे लागतात, त्यानंतर इथून बाहेर पडायचा वेगळा शिक्का. म्हणजे नवा दाखला २२ ऑक्टोबरच्या आत माझ्या हातात हवा. तो निघाला नाही तर हे १५ नोव्हेंबरला एकटे येतील आणि मी बाळाला घेऊन इथे कुणाच्या दारात, कुठल्या परवान्यावर राहू, ते मला कळत नाही. हे एवढं एकच वाक्य मी हसत लिहिलेलं नाही.

सोबत तुमच्या नावाने अधिकारपत्र आहे. त्यावर यांची सही मी बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवून घेतली. आजकाल ते वाचत नाहीत, नुसत्या सह्या करतात.

रागावू नका. रागावलात तर पोस्टाने कळवा, फोनवर नको. लोभाला इस्त्री लावू नये, एवढीच विनंती.

आपली,
सून

*

दुकान, १४ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईंना अनेक आशीर्वाद. वि. वि.

औषध लागू पडलं. तुमच्या सासूने विचारलं की काय झालं, तर मी म्हटलं काही नाही, किरकोळ. मग मलाच ऐकू आलं की हा शब्द पोराने कुठून उचलला.

कचेरीतली हकीगत सविस्तर लिहितो, कारण ती फोनवर सांगायची माझी हिंमत नाही.

नऊ तारखेला सकाळी नोंदणीच्या खिडकीवर गेलो. पुढे चार माणसं. रांगेत उभा राहिलो की माझे कान आपोआप कामाला लागतात, जुनी सवय. पहिल्याला मुलीच्या जन्माच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती, कारण पहिलीवर शिक्का बसत नाही. दुसऱ्याला लग्नाच्या दाखल्याची, कारण पहिलीवर शिक्का बसत नाही. खिडकीतल्या बाईंनी त्याचा जुना दाखला उलटा केला आणि मागचा स्टिकर सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मग खण उघडून त्यातला हातभर गठ्ठा दाखवला. सगळे असेच परत आलेले. बाई म्हणाल्या की गावात कुठेतरी एक महाभाग बसलाय, त्याला सापडेल ते तो प्लॅस्टिकमध्ये घालतो, उद्या गिऱ्हाईक उभं राहिलं तर त्यालाही घालेल. रांग हसली. मीही हसलो. जरा मोठ्यानेच हसलो, म्हणजे संशय नको.

माझा नंबर आला. अधिकारपत्र दिलं. बाई म्हणाल्या, पंधरा दिवस, तेही कामाचे. मी नातीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येकाची नात असते. अस्सल दाखल्याचं काय झालं असं विचारलं, तर मी म्हटलं, खराब झाला. कसा, तर म्हटलं, हवामानाने.

घरी आलो. जेवलो नाही म्हणून तुमच्या सासूने डॉक्टरांना बोलवायचं काढलं, तेव्हा जेवलो. हिशेब सोपा होता. पंधरा दिवस कामाचे म्हणजे महिन्याची अखेर, आणि तुमची तारीख बावीस. दहाला सकाळी कचेरी उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. ज्या झाडाखाली अकरा वर्षं बसलो ते झाड आता नाही, तिथे वाहनं लावतात. बाई आल्या. मी त्यांना म्हटलं की हवामान मीच. तो महाभाग मी.

वाटलं होतं ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या की दोन वर्षं मी तुम्हाला शोधते आहे, स्टिकरवर पत्ता का नाही टाकत? मी म्हटलं, गावात मला सगळे ओळखतात. तर म्हणाल्या, मग एकाही ओळखीच्याने सांगितलं कसं नाही?

सूनबाई, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. बारा वर्षांत कुणाची नोकरी अडली असेल, कुणाचं शाळेचं, कुणाचं पेन्शनचं. कचेरीत हेलपाटे घालून सगळ्यांनी गुपचूप दुसरी प्रत काढली, आणि दुकानात आले की मला चहा पाजला. तक्रार नाही म्हणून मी छाती फुगवून फिरत होतो. तुमच्या नवऱ्याला वाटतं की बापाला सांभाळून घ्यायची युक्ती त्याची एकट्याची. अख्खं गाव बारा वर्षं तीच करतंय.

बाईंनी अट घातली. दाखला लवकर करून देते, पण दुकानात पाटी लावायची. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे, शिक्षणाचे अस्सल दाखले येथे लॅमिनेट केले जाणार नाहीत, केल्यास ते बाद होतात. मी म्हटलं, येथे हा शब्द काढला तर चालेल का, म्हणजे जरा सर्वसाधारण वाटेल. त्या म्हणाल्या, येथे राहील. मी म्हटलं, मग दुकानात राहतं काय? त्या म्हणाल्या, लायब्ररीची कार्डं करा.

त्याच संध्याकाळी पाटी रंगवली आणि लावली. दाराच्या मागे. दार उघडं असताना दिसत नाही, आणि दुकान बंद असलं की वाचायला कुणी नसतं. कायद्याने पाटी लागली होती. सहा वाजता बाई घरी जाताना दुकानाशी थांबल्या, आत आल्या, दार ओढून घेतलं, पाटी वाचली आणि पुन्हा दार उघडून निघून गेल्या. तुमची सासू म्हणाली की ही बाई मला आवडली. मी खिळा काढला आणि पाटी समोर, मशीनच्या बरोब्बर वर लावली.

काल सकाळी दाखला मिळाला. सोबत आहे. त्याला मी रुमाल धरूनच हात लावला. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलाय, नवा आहे, शाई सुवासिक आहे, आणि त्याला काहीही केलेलं नाही. खरं सांगतो, मशीन गरम होतं, दाखला जवळ होता, हात एकदा गेला होता. तुमच्या सासूने बटण बंद केलं.

तीन दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं पाटी वाचून परत गेली. एकाने विचारलं की हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, मलाही परवाच कळलं. त्याला ते पटलं नाही. मी तरी कुठे पटवून द्यायला बसलोय.

इंजिनिअरला यातलं काही सांगू नका. ओळखीच्या माणसाकडून प्रत आली म्हणा. त्याला वाटू दे की बापाला माहीत नाही. पोराची एवढी एक लबाडी चांगली निघाली, ती मोडायला नको.

लोभ आहे, उघडा आहे, जसा आहे तसा घ्यावा.

तुमचा,
बाबा

*

कंपनीचं घर, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी, सा. न. वि. वि.

कळवण्यास आनंद होतो की बाईसाहेब परवापासून अधिकृतपणे जन्मल्या. पासपोर्ट आला. फोटोत हेडक्लार्क, खाली सहीच्या जागी अंगठा. त्या अंगठ्याचा किस्सा सांगतो. मूठ उघडेना. तुमची सून, मी आणि खिडकीतले साहेब अशा तिघांनी मिळून ती मूठ उघडली, तोवर तिने शाईचा हात साहेबांच्या शर्टाला लावला. ते म्हणाले, असू दे, निदान कशावर तरी शाई बसली.

लग्नाचा नवा दाखला साहेबांनी हातात घेतला, उलटा केला, शिक्का मारला. एका फटक्यात बसला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. असा साधा कागद बघून त्यांना भरून आलं असावं.

लिफ्टचंही सांगायचं राहिलं. या खेपेला शिपाई चहाला गेला होता. मी बाईसाहेबांच्या लाळेऱ्याने सेन्सर पुसला आणि आम्ही तिघं लिफ्टने वर गेलो. आता ती चालते. दुरुस्त कुणी केली हे कुणी विचारत नाही, कारण ती दुरुस्त होण्यासारखी नाही असं फाइलवर आहे.

बाहेर पडायचा शिक्का काल मिळाला. १४ तारखेचं विमान आहे. कंपनीच्या साहेबांनी तिसऱ्या प्रवाशाबद्दल विचारलं, तर तुमच्या सुनेने सांगितलं की ती मांडीवर बसेल, करारात मांडीबद्दलही काही नाही.

दाखला ज्या ओळखीच्या माणसाने पाठवला त्यांचे आभार माना. तुमची सून त्यांचं नाव सांगत नाही. पण पाकिटावर लाल शाईने लिहिलं होतं, लॅमिनेट करू नये. त्याखाली दोन रेघा. करू शब्दाचा ऊकार असा लांब ओढणारा माणूस मी एकच पाहिला आहे. माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर माझं नाव त्याच अक्षरात होतं.

तेव्हा बाबा, तुम्ही मला कळू दिलं नाहीत, मी तुम्हाला कळू दिलं नाही, आणि मधल्या मध्ये तुमच्या सुनेने दोघांना कळू दिलं. पाटीचंही तिने सांगितलं. दाराच्या मागे लावली होती तेही.

सोबत दोन वस्तू पाठवतो. एक, इस्पितळात बाईसाहेबांच्या पायाला बांधलेली पट्टी, त्यावर जन्माची वेळ आणि वजन आहे. दुसरा, तो बाद झालेला फोटो, ज्यात तिच्या आईची दोन बोटं दिसतात. दोन्ही अस्सल आहेत. यांवर कुठलं सरकार कधी शिक्का मारणार नाही, कुठली खिडकी हे मागणार नाही. पाटीवर या दोन्हींचं नावही नाही, मी तुमच्या सुनेकडून मजकूर नीट विचारून घेतला.

जाड प्लॅस्टिक वापरा. दोन्ही बाजूंनी.

आईला नमस्कार, लोभ मांडीवर घ्यावा.

आपला,
इंजिनिअर

*

दुकान, ९ नोव्हेंबर

चि. इंजिनिअर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी पाकीट आलं. दुकानात नोंदणीच्या बाई लायब्ररीचं कार्ड करायला बसल्या होत्या. मी पट्टी आणि फोटो आधी त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारलं की हे चालेल का? त्यांनी दोन्ही उलटसुलट पाहिले, फोटोवर जरा जास्त थांबल्या, आणि म्हणाल्या की माझी हरकत नाही.

मग मशीन गरम केलं. पट्टी छान बसली. फोटोत मात्र एक बुडबुडा राहिला, बोटांच्या बाजूला. तुझी आई म्हणते की तोही तिच्या नाकासारखा दिसतो. पुन्हा करून घेऊ म्हटलं तर तिने फोटो हातातून काढून घेतला आणि गल्ल्याच्या वर लावला, पाटीच्या शेजारी. त्यामुळे आता प्रत्येक गिऱ्हाईक आधी पाटी वाचतं आणि मग विचारतं की मग हा कसा केला? मला दिवसाला वीस वेळा सांगावं लागतं. मी सांगतो.

विमानतळावर आम्ही दोघं येऊ. तुझी आई पुढे असेल, मी सामानाच्या गाडीजवळ. बाहेर आलात की पोरगी माझ्या हातात द्यायची. पासपोर्ट तू खिशात ठेव, अगदी आतल्या. मी मागितला तरी देऊ नकोस.

लोभ वाट बघतो आहे.

तुझा,
बाबा